बारा घोट

त्या संस्थेत त्याला सगळे 'सुईण' म्हणत. सहा फूट उंची, ओठांवर उतरलेल्या मिशा, दाराची कडी एका बोटाने उचकटेल असा पंजा, आणि नाव सुईण. नवा माणूस आला की आधी फिस्सकन हसे, मग त्याला काम करताना बघे, आणि दुसऱ्या दिवशी तोही त्याच नावाने हाक मारी. सुरुवातीला तो चिडायचा. पण एकोणीस वर्षं माणूस चिडून चिडून किती चिडणार? आता तर बायकोसुद्धा शेजारणीला फोनवर सांगे, "आमची सुईण अजून कामावरून यायची आहे."

काम होतंच तसं. तान्ह्या बाळांना विषाणूमुळे जे जुलाब होतात, दोन दिवसांत हसतं बाळ सुकवून टाकतात, त्यांचा तिथे अभ्यास चाले. त्यासाठी डुकराची नुकती जन्मलेली पिलं लागत, कारण त्या पिलाचं आतडं आणि माणसाच्या बाळाचं आतडं बऱ्याच बाबतींत सारखं चालतं. डुकरीण व्यायला लागली की सुईण तिच्या मागे बुटक्या स्टुलावर बसे. मांडीवर निर्जंतुक केलेल्या टॉवेलांची चळत, बाजूला नाळ बांधायचा दोरा आणि कात्री. पिलू बाहेर आलं की जमिनीला लागायच्या आत टॉवेलात झेलायचं, नाक-तोंड पुसायचं, नाळ बांधून कापायची, कानाला नंबर लावायचा, झाकणाच्या पेटीत ठेवून भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे द्यायचं. प्रत्येक डुकरिणीला तो 'ताई' म्हणे. "ताई, लाव जोर. झालंच. अजून एक." हे ऐकून पलीकडचे लोक हसत, पण ताई मात्र त्याच्या आवाजाने शांत होत, हे कुणी नाकारू शकत नसे.

या कामाला एकच अट होती: पिलाने आईचं दूध चाखायचं नाही. एक थेंबही नाही.

का, ते डॉक्टरीणबाईंनी त्याला पूर्वीच समजावलं होतं. त्या हे सगळे प्रयोग चालवत. बोलणं मोजकं, पण विचारलं तर शिपायालाही खुर्ची देऊन नीट सांगत. "माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईच्या रक्तातून थोडी शिदोरी मिळते, काका. रोगांशी लढायची. डुकराच्या पिलाला पोटात काही म्हणजे काही मिळत नाही. त्याची सगळी शिदोरी आईच्या पहिल्या दुधात असते, चिकात. तो प्यायला नाही तर पिलू म्हणजे कोरी पाटी. मग त्या पाटीवर विषाणू काय लिहितो आणि आपलं औषध काय पुसतं, ते स्वच्छ दिसतं."

पिलाने चीक प्यायला की काही तासांत तो त्याच्या रक्तात दिसतो. म्हणून पूर्वी पहिल्याच दिवशी प्रत्येक पिलाचं रक्त तपासत. मग एवढ्याशा जिवाला सुई कशाला टोचायची, असं म्हणून ते बंद झालं. कारण सुईणीच्या हातून एकही पिलू कधी सुटलं नव्हतं. कागदावर एक रकाना होता, 'प्यायलेली पिलं', आणि त्यात तो दर वेळी शून्य लिहून सही करी. अकराशेच्या वर पिलं झाली आणि रकान्यात नेहमी शून्य. त्या शून्यावर आख्खी संस्था डोळे मिटून विश्वास ठेवी, आणि याचा त्याला जो अभिमान होता, तो मिशांत मावत नसे.

त्या सोमवारी मात्र सातवं आणि आठवं पिलू पाठोपाठ आलं.

सातवं आलं तेच निपचित. नाकात चिकट बुळबुळीत गोळा, श्वास नाही. सुईणीने ते उलटं धरलं, बोटाने तोंड साफ केलं, छाती चोळली. तेवढ्यात आठवं सुळकन बाहेर येऊन मागच्या रबरी चटईवर पडलं. 'थांब रे बाबा एक मिनिट,' असं तो मनात म्हणाला आणि सातव्याच्या पाठीवर थाप मारत राहिला. शेवटी सातवं शिंकलं आणि किंचाळलं. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने नाळ बांधली, सातवं पेटीत ठेवलं आणि वळून बघितलं, तर चटईवर आठवं नव्हतं.

ते निघालं होतं. ओलंचिंब, मागे नाळ फरफटत, जन्माला येऊन चार मिनिटं झालेली, आणि ते आईच्या मागच्या पायाला धरून चाललं होतं. चालणं कसलं, दोन पावलं टाकायची आणि तोंडावर आपटायचं. पुन्हा उठायचं. पायाच्या वळणाशी आल्यावर त्याने मान वर केली, आणि त्याच्याहून उंच असलेल्या त्या मांडीवर ते चढायला लागलं. घसरलं. पुन्हा चढलं.

सुईणीचा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. नुसता पुढे करायचा, की पिलू टॉवेलात. त्याने तो पुढे केला नाही.

एकोणीस वर्षं त्याने पिलं झेलली, पण झेललं नाही तर पिलू काय करतं, हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. कुठे जायचं हे याला कुणी सांगितलं? पोटाच्या अंधारातून आत्ता आलेला हा जीव, त्याने कधी काही पाहिलं नाही, आणि तो शाळेची वाट पाठ असल्यासारखा निघालाय. मांडी ओलांडून ते पोटाशी पोचलं. पहिल्या आचळावर त्याचं नाक आपटलं, तोंडात धरता आलं नाही. दुसरं धरलं.

आणि मग ताईने आवाज काढला. खोल, हलका, घुर्र-घुर्र असा एका लयीत. कळा देताना काढायची तो नव्हे. हा आवाज त्याने या खोलीत कधी ऐकला नव्हता, कारण या खोलीत कुणाचं पिलू कधी तिथवर पोचलंच नव्हतं. पिलाचा घसा हलताना दिसत होता. एक. दोन. तीन. तो नकळत मोजत राहिला.

"सुईणबाई, आठवं कुठाय?" खिडकीपलीकडून चष्मेवाल्याने विचारलं. पिलांना औषध पाजणं, नोंदी ठेवणं, हे या चष्मेवाल्याचं काम. भला माणूस, पण त्याला दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारल्याशिवाय करमत नसे.

"आणतो," सुईण म्हणाला. बारा घोट झाले होते. त्याने पिलाला आचळावरून सोडवलं, तोंड पुसलं, नाळ बांधली, कानाला आठ नंबर लावला. पिलू त्याच्या पंजात दोन्ही पायांनी ढकलत होतं. परत जायचं होतं त्याला.

दहा पिलं झाली. कागद समोर आला. 'प्यायलेली पिलं' या रकान्यात त्याच्या हाताने सवयीने शून्य काढलं आणि खाली सही केली. खोडावं असं त्याला वाटलं. पण खोडाखोड म्हणजे सतरा प्रश्न, आणि बारा घोट म्हणजे चमचाभर दूध तरी असेल का? एवढ्याने काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून त्याने पेनाला टोपण लावलं.

पिलं पलीकडच्या खोलीत होती, पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पेट्यांत, प्रत्येकात एक. आत जाणारी हवा गाळलेली, दूध उकळून थंड केलेलं. पेटीच्या भिंतीतच लांब हातमोजे बसवलेले. बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि आतल्या पिलाला बाटली द्यायची. चिठ्ठ्या टाकून पाच पिलं निवडली. त्यांना पहिल्या दिवसापासून नव्या औषधाचे थेंब, उरलेल्या पाचांना साधं पाणी. तिसऱ्या दिवशी दहाही पिलांना विषाणू पाजला. बाटलीत काही दिसत नव्हतं. एका थेंबात लाखो असतात म्हणे, आणि थेंब आपला पाण्यासारखा.

पाचव्या दिवशी सकाळी खोलीत शिरतानाच वास आला. साधं पाणी मिळालेली पाचही पिलं आडवी होती, डोळे खोल गेलेले, शेपट्या ओल्या. औषधवाल्यांपैकी चार तशीच. चष्मेवाला एकेका पेटीत हात घालून त्यांना साखर-मिठाचं पाणी पाजत होता आणि चक्क गप्प होता.

आठव्या पेटीत पिलू उभं होतं. नुसतं उभं नाही, बाटलीचं बूच चावत होतं. सुईणीला बघून ते प्लास्टिकला नाक लावून ढुशा द्यायला लागलं. औषधाचे थेंब मिळालेल्या पाचांत त्याची चिठ्ठी निघाली होती.

सुईणीने पेटीवरचा नंबर दोनदा वाचला.

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः त्याच्या खोलीत आल्या. टॉवेलांच्या चळतीशेजारी स्टूल ओढून बसल्या. हातात एक कागद होता. सहा वर्षं त्या या औषधामागे होत्या. आधीची दोन औषधं वाया गेलेली त्याने पाहिली होती. त्या वेळी त्या कुणावर ओरडल्या नव्हत्या, फक्त महिनाभर डबा न उघडता परत नेत.

"आठच्या रक्तात विषाणूशी लढणारी द्रव्यं सापडलीत, काका. भरपूर. बाकी नऊंत काही नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "एकाच पिलात का, ते मला कळत नाही. इतक्या लवकर कशी, तेही कळत नाही. पण एकाला जमलं म्हणजे वाट आहे. शरीराला जागं करता येतं, असा त्याचा अर्थ. चिकामुळे असतं तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या हातून ते होत नाही, म्हणून मी तो विचारच बाजूला ठेवला."

त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित तो बोलला असता. त्याने टॉवेलाची एक घडी मोडली आणि पुन्हा घातली. बाई हसून उठल्या.

घरी लेक आणि तिचं बावीस दिवसांचं बाळ राहायला आलं होतं. त्यामुळे संध्याकाळी सगळ्या घराचं घड्याळ त्या बाळाच्या पोटाप्रमाणे चाले. लेक खिडकीपाशी पाजत बसली होती. बायको लंगोट वाळत घालत होती. सुईण दारातच चप्पल काढून तिथेच उभा राहिला.

"काय झालं?" बायको म्हणाली. "तोंड असं का? ताई लाथ मारून गेली का?"

त्याने सांगितलं. सातवं, आठवं, मांडी, बारा घोट, शून्य. बाईंच्या हातातला कागद. आधी हळू बोलत होता, मग आवाज चढला. "एकोणीस वर्षं, अगं. अकराशे पिलं. एक सांगितलं की त्या अकराशेंवर शंका. लोक म्हणतील, ही सुईण आधीही अशीच शून्यं काढत असणार."

बायकोने हातातला लंगोट दोरीवर टाकून चिमटा लावला. "म्हणजे एकोणीस वर्षं खरं बोललात, ते विसाव्या वर्षी खोटं खपवता यावं म्हणून साठवत होतात?"

त्याने दारातली चप्पल उचलून कोपऱ्यात नीट लावली.

"बाबा," लेक खिडकीतून म्हणाली, "ते औषध शेवटी कुणाला देणार?"

"बाळांना," तो म्हणाला. बाळ मचमच आवाज करत पीत राहिलं.

सकाळी तो बाईंच्या आधी पोचला. त्या आल्या, खांद्यावरची पिशवी अजून तशीच होती, तेव्हाच त्याने सांगून टाकलं. पाठ करून आणलेलं वाक्य विसरला आणि नुसतंच म्हणाला, "बाई, आठवं प्यायलंय. माझ्या हातून सुटलं होतं. मी शून्य लिहिलं."

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "किती?"

"बारा घोट."

रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी कपाटातून सोमवारचा कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. त्याने शून्यावर रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'आठ नंबर, बारा घोट', आणि खाली आजची तारीख घालून सही केली. सही वाकडी आली.

"औषध लागू पडलं नाही, म्हणजे," बाई कागदाकडे बघत म्हणाल्या. "कुणालाच."

"पहिल्या दिवसाचं रक्त पुन्हा सुरू करा, बाई," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर नका विसंबू."

"करावंच लागेल," त्या म्हणाल्या. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं 'नाही हो' त्या म्हणाल्या नाहीत. ते त्याला लागलं, आणि ते बरोबर आहे हेही कळलं.

सातव्या दिवशी पिलांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवत, मग आतडी तपासत. ज्याने झेललं त्यानेच शेवटी धरायचं, हा नियम सुईणीने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. नऊ धरली. आठवं मांडीवर घेतलं तेव्हा ते धडधाकट होतं, त्याच्या शर्टाचं बटण चोखत होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने कुणापासून लपवले नाहीत. चष्मेवाल्याने त्या दिवशी काहीही विचारलं नाही.

चार दिवसांनी बाईंनी त्याला वर बोलावलं. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत तो एकोणीस वर्षांत फक्त टेबल हलवायला गेला होता. बाई म्हणाल्या, "बसा. एक डोळा मिटा. हे तीन नंबरचं आतडं."

त्याला आधी नुसता गुलाबी धूर दिसला. बाईंनी चाक फिरवलं आणि रान समोर आलं. कापणी झालेलं. बुडखे, मधे उघडी जमीन.

"आतड्यावर आतून बारीक तुऱ्यांचं दाट रान असतं, दूध तिथे जिरतं. हेच उरलं नाही, मग पोटात काही ठरणार कसं?" बाईंनी काच बदलली. "आता हे आठचं."

इथे पीक उभं होतं. दाट, एकाला एक लागून, कुठेही खिंडार नाही. बोटभर आतड्यात एवढं शेत, आणि त्यावरून तेच लाखोंचं लष्कर गेलेलं. त्याने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. पीक उभंच होतं. चमचाभरही नसेल ते दूध. घाईत, चोरून, परक्याच्या हाताखाली प्यायलेलं.

"बारा घोटांनी केलं हे?" त्याने विचारलं.

"माझ्या सहा वर्षांनी जे झालं नाही ते," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. "आता त्या दुधात नेमकं काय आहे ते शोधायला घेतलंय. औषध तिथूनच काढावं लागेल बहुतेक." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "काका, एक विचारू? पिलू सुटलं, हे कळलं मला. पण ते ओढून काढायला एक घोट पुरला असता. तुम्ही बारा मोजलेत."

हा प्रश्न येणार, याची त्याला सोमवारपासून भीती होती. बायकोलासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं.

"हात पोचत होता, बाई," तो म्हणाला. "मी केला नाही पुढे. बघत राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक पोचलं होतं. ते कसं पोचलं, त्याला कुणी सांगितलं... मला हलताच आलं नाही."

आता या आपल्याला घरी बसवणार, असं तो धरून चालला. बाईंनी सूक्ष्मदर्शक स्वतःकडे ओढला, डोळा लावला आणि तशाच वाकून राहिल्या.

"मी सकाळी सातला आले," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "तेव्हापासून ही एकच काच बघतेय. बाकीची कामं पडलीत." मग म्हणाल्या, "पुढची ताई गुरुवारी व्यायची आहे. तुम्ही बसा. पण मागे चष्मेवालाही बसेल."

"तो फार बोलतो, बाई."

"म्हणूनच. तुम्हाला बघत बसू देणार नाही."

घरी पोचला तेव्हा बायको बाजारात गेली होती. लेक खिडकीपाशी बाळाला घेऊन बसली होती, तिची स्वतःचीच मान पेंगेने कलत होती. तो समोर जमिनीवर मांडी घालून बसला. बाळाचा घसा हलत होता. एक, दोन, तीन.

"काय बघताय, बाबा?" लेकीने डोळे किलकिले करून विचारलं.

"काही नाही. पाज तू."

बारा झाले. त्याचा हात आपोआप वीतभर पुढे आला होता. तो त्याने मागे घेऊन मांडीवर ठेवला. तेरा. चौदा. बाळ पीत राहिलं. विसाच्या पुढे कधीतरी त्याचं मोजायचं राहून गेलं, आणि बाळ पिऊन झोपेपर्यंत तो तिथून उठला नाही.